दाजींचे वॉटरप्रूफ बूट

२० जुलै, रविवार. लातूर

दाजी नांदेडहून सकाळच्या गाडीनं आले. हातात दोन फण्या केळी, अर्धापूरच्या बागेतली. चहा व्हायच्या आत विषय काढला. एसटीतून रिटायर होऊन आठ महिने झाले, घरात बसून बेजार झालेत. श्रावणात घाटमाथ्यानं चालत भीमाशंकर करायचं म्हणतात. खिरेश्वरपासून सुरुवात, मग हरिश्चंद्रगड, नाणेघाट, आहुपे आणि शेवटी भीमाशंकर. सात दिवस. पाटील सरांचा ग्रुप आहे, शाळेत पीटीचे मास्तर, दरसाल आठ-दहा माणसं घेऊन जातात.

लगेच अक्काचा फोन. "मन्मथ, माझा भाऊ संगट असंल तरच मी ह्यांना डोंगरात सोडीन. न्हाईतर दारात आडवी पडते बघ."

गेलो फसून. हिला सांगितलं तर ही हसत बसली. म्हणे, गंजगोलाईच्या बाजाराबाहेर चालत कधी गेलात का? खरंय.

बुटांची जिम्मेदारी माझी, हे मात्र मीच म्हणलो. सव्वीस वर्षं दुकानात लोकांच्या पायात बूट घालून राहिलो, माझ्या दाजींच्या पायात घालता येणार नाही?

२२ जुलै, मंगळवार

पाटील सरांची यादी आली मोबाईलवर. बूट हलके, जाळीचे, पाणी निघून जाणारे. अर्धा-एक नंबर मोठे. "वॉटरप्रूफ नको" असं खाली दोन रेघा मारून. वाचून हसू आलं. मास्तर माणूस, त्याला चामड्यातलं काय कळतंय? पावसात जायचं आणि भोकं असलेले बूट घालायचे!

गोदामातून तो जोड काढला. पुण्याच्या एजंटानं मागल्या दिवाळीला ठेवलेला. घोट्याच्या वर जाणारा, आतून अस्तर, जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली. बादलीत पाणी घेऊन बूट उभा केला, आत वर्तमानपत्राचा बोळा. दीड तासानं काढला, कागद कोरडा ठाक. शेजारचे दोघं-तिघं दुकानदार बघायला आले. मी कागद त्यांच्या हातात दिला. "मन्मथप्पा, मानलं तुमाला," असं म्हणले.

दुकान जोरात. छत्र्या कुणी घेत नाही, पाऊस कुठाय.

२५ जुलै, शुक्रवार

दाजी मापाला आले. नऊ नंबर. दोन मोज्यांवर घातला.

"कुठं टोचतंय का दाजी?"

"न्हाई."

"करंगळीला?"

"न्हाई रे. लोणी हाय लोणी."

पुढून अंगठ्यानं दाबून बघितलं. जागा कमी वाटली मला. दहा नंबर मागवला असता तर आठ दिवस गेले असते. गिऱ्हाईक स्वतः न्हाई म्हणत असताना आपण कशाला शंका काढायची. आजवर असंच करत आलो. विचारायचं, आणि पाय सांगेल तसं.

शुगरचं विचारलं. "बॉर्डरवर हाय. डॉक्टरला धंदा पायजे," म्हणले.

दाजी बूट घालून दुकानासमोर उभे, असा फोटो काढला. ग्रुपवर टाकला, अक्काला पण धाडला, खाली लिहिलं, "दाजींसाठी खास, वॉ.प्रू." सरांनी अंगठा पण दिला नाही. न देऊ दे.

मला सातमध्ये तसा जोड नाही. शाळेच्या पोरांचे काळे जाळीचे आहेत, तेच घेतले. आपल्याला काय, आपण नुसते राखणदार.

३ ऑगस्ट, रविवार

निघालो. अक्का सोडायला लातूरला आली. राखी आठवडाभर आधीच बांधून मोकळी झाली. दाजी बूट घालून फेऱ्या मारत होते आणि अक्का त्यांच्या पायांकडं बघत होती. तोंड उघडलं तिनं. दाजींनी मान वर केली, तशी गप्प झाली. नवराबायकोचं काही असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही.

५ ऑगस्ट, मंगळवार. हरिश्चंद्रगड

वही प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे तरी पानं ओली. गुहेत बसलोय.

पहिला एक तास दाजींचे बूट खरंच कोरडे. मी मागं वळून सगळ्यांना दाखवत होतो. मग ओढा लागला, गुडघ्याएवढा. पाणी वरून बुटात शिरलं आणि तिथंच राहिलं. बाहेरून आत येत नव्हतं तसं आतून बाहेरही जाईना. माझ्या जाळीतलं वीस-पंचवीस पावलांत निथळलं. दाजी चालले की पचक पचक आवाज. ओढा नव्हता तिथंही पँटीवरून पाणी ओघळून बुटातच जात होतं.

बादलीत मी बूट उभा केला तेव्हा पाणी बुटाच्या काठाच्या खाली दोन बोटं ठेवलं होतं. हे आज कळलं. आमच्याकडं पाणी जमिनीवर असतं, तेही असलं तर. हे वरून येतं, बाजूनं येतं, ढगातून चालताना अंगाला चिकटतं. असल्या पाण्याची मला माहितीच नव्हती.

सर फक्त दाजींना म्हणले, मुक्कामाला आल्यावर बूट काढा, पाय पुसा, रात्रभर कोरडे ठेवा. दाजी मान हलवून हाव म्हणले.

काढले नाहीत. मी बघितलं.

६ ऑगस्ट, बुधवार. खिरेश्वर

सकाळी पाच वाजता दाजींची आंघोळ, गार पाण्यानं. मग गळ्यातलं लिंग हातावर घेऊन लिंगपूजा. तोंड भिंतीकडं, मांडी घालून, पायांवर शाल. पूजेत त्यांना कुणी हाक मारत नाही, आमच्या घरचा नेम आहे. तेवढ्याच वेळात पाय उघडे असतात आणि तेवढ्याच वेळात ते झाकलेले. पूजा झाली की लगेच तेच ओले मोजे.

आज सगळ्यांचे पाय दुखले. उदगीरचा एक जण काठी टेकत उतरला. माझ्या टाचेला फोड. दाजी एकटे ताठ. सरसुद्धा म्हणले, "साठीचा माणूस बघा, एकदाही बसला नाही." मला अभिमान वाटला. खरं लिहितोय, अभिमानच वाटला. सर्वांना ऐकू जाईल असं म्हणलो, बूट कुणाचे आहेत!

७ ऑगस्ट, गुरुवार. नाणेघाटाजवळ

भातलावणी करणाऱ्या बाईकडं मुक्काम. हौसाबाई नाव. चुलीभोवती सगळ्यांचे बूट वाळत ठेवले तिनं. दाजींचे नव्हते. तिनं विचारलं, "त्या बाबांचं कुठं हाय?"

दाजी ओसरीवर बूट घालूनच बसलेले. "काढले तर परत चढायचे न्हाईत," म्हणले, आणि हसले.

बाईनं मला बाजूला घेतलं. "भाऊ, काढा ते. आम्ही दोन महिने चिखलात उभ्या असतो. ही बघा," म्हणून तिनं आपल्या पायातले प्लॅस्टिकचे भोकाभोकाचे बूट दाखवले, बाजारात मिळतात तसले. "पानी आलं पायजे नि गेलं पायजे. थांबलं की पाय कुजतो."

मी काय बोललो? "बाई, ते साधे बूट न्हाईत. त्याचं तंत्र येगळं असतंय." असं बोललो. तिनं माझ्याकडं बघितलं आणि भाकरी थापायला गेली.

मन खात राहिलं म्हणून दाजींपुढं उकिडवा बसलो. नाडी सोडली. दुकानात दिवसाला पन्नास पाय हातात घेतो, त्यात काही नाही. उजवा बूट महामुश्किलीनं निघाला. मोजा अर्धा खाली केला. पाऊल पांढरं, सुरकुतलेलं, भिजत घातलेल्या शेंगदाण्यासारखं. अंगठ्याखाली मोठा फोड, फुटलेला, कातडं लोंबतंय. मी बोट लावलं. दाजी समोर डोंगराकडं बघत बसलेले. मी जरा दाबलं. तरी तिकडंच.

"दाजी, दुखत न्हाई?"

"काय?" म्हणले. मग पाय मागं ओढला. "गप बस. अक्काला फोन केलास तर बघ."

मी हळद लावली, मोजा वर केला. सरांना सांगायला पाहिजे होतं. इथून जुन्नरला जीप जाते, हौसाबाईचा नवरा सकाळी जाणारच होता. सांगितलं असतं तर सरांनी बूट हातात घेतला असता आणि सगळ्यांसमोर...

नाही सांगितलं.

८ ऑगस्ट, शुक्रवार

चाल लांब. धुकं. दाजी पुढं.

९ ऑगस्ट, शनिवार. आहुपे

राखी पौर्णिमा. मनगटावरची राखी भिजून तिचा लाल रंग सदऱ्याला लागला. अक्काचा फोन एका टेकाडावर लागला, दोन मिनिटं. "कसे हायत?" "एकदम फिट. सगळ्यात पुढं चालून राहिले." तेही खोटं नाही.

दाजींजवळ बसलं की वास येतो. मेलेल्या उंदरासारखा. शेजारी झोपणाऱ्यानं मोज्यांना शिव्या दिल्या. सगळे हसले, दाजी पण हसले, मी पण.

माझे काळे जाळीचे तासाभरात वाळतात. टाचेचा फोड बसला.

११ ऑगस्ट, सोमवार. भीमाशंकर

श्रावणी सोमवार. माणसांचा पूर. देवळाकडं खाली उतरणाऱ्या पायऱ्यांवर रांग, तीन तासांची. चपला-बूट वरच काढायचे.

दाजींना सोडवेना. मी आणि सर, दोघांनी ओढले. उजव्या मोज्याबरोबर कातडं आलं. अंगठ्याखाली खड्डा, आत पांढरट, कडेनं काळं. अंगठा निळाजांभळा. सर खाली बसले, माझ्याकडं बघितलं. "कधीपासून हाय हे?"

मी म्हणलो, आजच बघतोय.

सर म्हणले दर्शन राहू द्या, गाडी करू, दवाखाना गाठू. दाजी ऐकेनात. "सात दिवस चाललो ते काय पायऱ्या बघायला? दर्शन झाल्याबिगर वळणार न्हाई." आणि त्या पायानं, उघड्या, चिखलाच्या पायऱ्यांवर तीन तास उभे. नारळाचं पाणी, दूध, बेल, हजार माणसांच्या पायाची घाण. मागून एका पोरीनं आईला दाखवलं, पायरीवर लाल उमटतंय म्हणून. मी माझा रुमाल बांधला. रुमाल भिजून कुठं गेला कळलंही नाही.

पिंडीवर डोकं ठेवून दाजी रडले. म्हणले, "मन्मथ, तुझ्यामुळं झालं रे."

१३ ऑगस्ट, बुधवार. नांदेड

गाडीतच ताप. लातूरला न थांबता सरळ नांदेडला आणलं, अक्का आणि भाचा दवाखान्याच्या दारात उभे. शुगर चारशेच्या वर.

डॉक्टरांनी एक जाड दोरा घेतला, मासे धरायच्या गळाला असतो तसला. दाजींना डोळे मिटायला लावले आणि तळव्याला ठिकठिकाणी टेकवला. टेकला की हाव म्हणा, म्हणले. दहा ठिकाणी टेकवला. दाजी एकदाही बोलले नाहीत.

मी बाहेर गाठलं डॉक्टरांना. "साहेब, मी बूट घालताना विचारलं होतं, टोचतंय का."

"कुणाला विचारलं?"

"त्यांनाच."

"पायात जीवच नाही त्यांच्या, त्यांना काय कळणार? हात घालून बघायचं असतं. बुटात खडा आहे की खिळा, तुम्ही बघायचं." लई चिडले. "तुमचा धंदाच आहे ना हा?"

हाव. धंदाच आहे.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

अंगठा काढला. शेजारचं बोट पण. बाहेर सकाळी शाळेच्या पोरांचा बँड वाजत होता.

शुद्धीवर आल्यावर अक्कानं विचारलं, "कुठून आणले होते ते मेले बूट?" मी तोंड उघडणार तर दाजीच म्हणले, "हितूनच घेतले, नांदेडातून. मन्मथ नको म्हणत होता."

मी तिथंच उभा, हातात थर्मास.  फोटो तिच्या मोबाईलवर आहे, मीच टाकलेला. बघितला नसेल असं कसं होईल? पण तिनं नुसता माझ्या हातातला थर्मास काढून घेतला.

१८ ऑगस्ट, सोमवार. लातूर

दोन दिवस दुकान उघडलं. औशाची एक बाई नवऱ्याला घेऊन आली, चालायला जायचे बूट पाहिजेत म्हणाली. साखर आहे म्हणाली. मी त्याचा बूट काढला, मोजा काढला, तळपाय हातात घेऊन उलटा केला, बोटांच्या मधे बघितलं. माणूस लाजला. "अहो, देवाला पण असं कुणी बघत न्हाई," म्हणाला. बूट दिला नाही, डॉक्टरकडं धाडलं. शेजारचे हसले, म्हणे मन्मथप्पानं दवाखाना काढला.

दाजींचा तो जोड पिशवीत आणलाय. उजव्यात हात घालून बघितलं. पुढं अंगठ्याच्या जागी अस्तराची शिवण उसवून गोळा झालेली, हरभऱ्याएवढी, कडक. सात दिवस त्याच्यावर चालले. आतून अजून ओला आहे. अजून!

२१ ऑगस्ट, गुरुवार. नांदेड

काळं परत चढतंय. जखमेच्या कडेनं. डॉक्टर म्हणले रक्त खाली पोचत नाही, औषध पोचत नाही.

जेवायला अक्काला खाली नेलं. वरणभात समोर ठेवून ती बसून राहिली. मला राहवलं नाही. सांगून टाकलं सगळं. बूट माझे, दुकानातले. सरांनी नको लिहिलं होतं. जागा कमी होती, मला कळलं होतं. सात तारखेला फोड बघितला, दाबला, त्यांना कळलं नाही हे पण बघितलं. जीप होती सकाळी. तुझ्याशी फोनवर फिट आहेत म्हणलो. देवळापुढं सरांना खोटं बोललो.

तिनं मध्ये एकदाही अडवलं नाही. मला वाटलं थोबाडीत देईल. दिली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, "एप्रिलात चुलीतला निखारा त्यांच्या पायाखाली आला. उभेच होते त्याच्यावर, बोलत. मला वास आला तवा कळलं." दाजींनी तेव्हा गळ्यातलं लिंग हातावर घेऊन तिला शपथ घातली. कुणाला बोललीस तर माझं मेलेलं तोंड बघशील. रिटायर माणूस पांगळा म्हणून घरात बसवतील, ही भीती. "त्या दिवशी निघताना तोंडावर आलतं माझ्या. लिंगाची शपथ हाय म्हणून गिळलं. वाटलं, माझा भाऊ हाय संगट. ह्याचा धंदा हाय पायाचा. ह्याला दिसंल."

एवढं बोलून उठून गेली. ताट तसंच. दिवसभर माझ्याशी बोलली नाही. मी पण वर गेलो नाही, पार्किंगमध्ये बसून राहिलो. तिनं सांगायला पाहिजे होतं असं एकदा मनात आलं आणि माझी मलाच किळस आली. तिला शपथ होती. मला कोणाची होती?

२३ ऑगस्ट, शनिवार

दाजी तापात बडबडतात. मधेच शुद्धीवर येऊन म्हणले, "पुढल्या साली गिरनार करू." भाच्यानं मान हलवली, हाव म्हणला. मी बाहेर आलो.

पाटील सर येऊन गेले. मला काही विचारलं नाही. दाजींच्या उशाजवळ बेलाची पानं ठेवली आणि अक्काला नमस्कार करून गेले. जिन्यापर्यंत सोडायला गेलो तर म्हणले, "या ना घरी कधीतरी." तोंडावर बोलले असते तर मी काय उत्तर दिलं असतं, हेच जिन्यात उभा राहून मनात जुळवत बसलो.

२४ ऑगस्ट, रविवार

उद्या नऊला पट्टी सोडणार. काळं घोट्याच्या अलीकडं थांबलं असेल तर नुसता पुढचा भाग जाईल, टाचेवर उभं राहता येईल. घोटा ओलांडला असेल तर गुडघ्याखाली. डॉक्टरांनी कागद आजच सही करून घेतला, दोन्हीचा.

पट्टी सोडताना घरातलं एक माणूस आत पाहिजे म्हणले. भाचा उभ्या उभ्या पांढरा पडला. मी भिंतीकडं बघत होतो.

अक्का तीन दिवसांनी माझ्याशी बोलली. "मन्मथ, तूच जा आत. नीट बघ. जवळून बघ. आणि बाहेर आल्यावर जे बघितलं तेच मला सांग."

हाव म्हणलो.